घंटागाडीची उलटी फेरी

तिला अख्खा वॉर्ड शिट्टी म्हणतो. तोंडावर म्हणतो, पाठीमागे म्हणतो, आणि पोरंटोरं तर लांबूनच ‘शिट्टी आली रे’ करत घरात पळतात आणि कचऱ्याची बादली घेऊन बाहेर येतात. तिला त्याचं वाईट वाटत नाही. गळ्यात सदानकदा शिट्टी अडकवून फिरणाऱ्या बाईला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय? घंटागाडीच्या पुढे ती चालते. गाडी मागे घ्यायची असली की शिट्टी, कुणी रस्त्यात आडवी मोटार लावली की शिट्टी, आणि ओला कचरा सुक्यात मिसळताना कुणी सापडला तर मग विचारूच नका. झाडूवाली म्हणून लागली, अंगच्या धमकेवर मुकादम झाली, आणि तेव्हापासून त्या वॉर्डात तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप नाही.

घर तिचं त्याच वॉर्डात, चढावरच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. रोज सकाळी गाडी तिच्याच खिडकीखालून जायची, पण ती मान वर करून कधी बघायची नाही. फार पूर्वी एक शेजारीण खवचटपणे म्हणाली होती, “गाडी तुमच्या दारात जरा जास्तच थांबते हो!” झालं. त्या दिवसापासून शिट्टीनं स्वतःला नियम घालून घेतला, ड्यूटीवर असताना आपल्या घराकडे ढुंकूनही बघायचं नाही. घरचा कचरा लेक खाली आणून टाकायची आणि ही तिला परक्या माणसासारखं सांगायची, “झाकण नीट लाव, पुढे हो.”

तर अशी ही बाई, लेक कॉलेजात जायला लागल्यावर स्वतःही कॉलेजात गेली. आणि शिकायला काय घेतलं? सार्वजनिक व्यवस्थापन. त्यातलं एम. ए.! ऑफिसात ही बातमी पसरली तेव्हा कँटीनमध्ये दोघांना चहा पिता पिता ठसका लागला म्हणतात.

हे खूळ डोक्यात शिरायला कारण घडलं होतं. गाड्यांच्या नव्या वेळापत्रकाची बैठक होती, वरच्या मजल्यावर, लांबलचक टेबलाच्या खोलीत. शिट्टीला माहिती द्यायला बोलावलं होतं. तिनं माहिती दिली, आणि मग राहवेना म्हणून आपलं मतही द्यायला लागली. तेव्हा टेबलाशी बसलेलं कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं, “बाई, तुम्ही फील्डवरच्या. आता धोरणाचं बोलायचंय. तुम्ही बाहेर बसा.” ती बाहेर बसली. पाण्याच्या कूलरशेजारच्या बाकड्यावर. आत तिच्या गाड्यांचं, तिच्या माणसांचं ठरत होतं, आणि ती कूलरमधून ठिबकणारं पाणी बघत होती. घरी येऊन तिनं चपला इतक्या जोरात काढल्या की एक पलंगाखाली गेली.

“मला त्या टेबलाशी खुर्ची पाहिजे,” ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा टेलर. बोलणं कमी, ऐकणं जास्त. त्यानं तोंडातली टाचणी काढली आणि विचारलं, “काय लागतं खुर्चीला?”

खुर्चीला पदवी लागत होती. उपव्यवस्थापक लवकरच निवृत्त होणार होते, आणि त्या जागेच्या अटींत स्पष्ट छापलं होतं, सार्वजनिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी. अनुभव तिच्याकडे पोत्यानं होता. बी. ए. तिनं कधीच बाहेरून करून ठेवलेलं. राहिली ही एवढीच.

“मग कर की,” नवरा म्हणाला, आणि टाचणी परत तोंडात धरली. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

वर्ग शनिवार-रविवारी भरायचे. खाकी कोट घालून शिट्टी पहिल्या बाकावर बसायची, कारण मागून तिला फळा दिसत नव्हता आणि चष्मा लावायला ती तयार नव्हती. शिकवणाऱ्या मॅडम तिच्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान, बारीक चणीच्या, वेळेच्या एकदम पक्क्या. उशिरा येणाऱ्याला त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त तो बसेपर्यंत शिकवणं थांबवायच्या, आणि त्या शांततेत भल्याभल्यांचा घाम निघायचा. पहिल्याच निबंधाचा विषय त्यांनी दिला, धोरण म्हणजे काय. शिट्टीनं पहिलं वाक्य लिहिलं, ‘जे ठरवायच्या वेळी आपल्याला बाहेर बसवतात त्याला धोरण म्हणतात.’ मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “पुढची पानं मात्र या एका वाक्याइतकी चांगली नाहीत,” त्या म्हणाल्या, “पुन्हा लिहा.” तिथून दोघींचं जमलं.

बघता बघता ती शिकली. लेकीनं तिला कॉम्प्युटर शिकवला आणि शिकवताना बदलाही घेतला. “आई, पुढे हो, झाकण नीट लाव,” असं लॅपटॉप बंद करताना मुद्दाम म्हणायची. परीक्षा एकामागून एक निघत गेल्या. राहता राहिला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. एखाद्या सार्वजनिक सेवेत बदल सुचवायचा, तो करून बघायचा, त्याचा अहवाल लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. प्रकल्प निघाला तर पदवी. पदवी असेल तर खुर्चीची मुलाखत. नाहीतर बाकडं आहेच कूलरशेजारी.

शिट्टीला विषय शोधायला लागलाच नाही. विषय रोज तिच्या मागून घंटा वाजवत चालत होता.

तिचा वॉर्ड चढावर. वर टाकी, टाकीच्या पलीकडे कचऱ्याचं केंद्र, खाली बाजार. गाडी वरून सुटायची, वरच्या गल्ल्या घेत खाली यायची, बाजारात गच्च भरायची, आणि मग तो सगळा भार पोटात घेऊन धापा टाकत पुन्हा अख्खा चढ चढून केंद्राकडे जायची. वर्षानुवर्षं. हा काय शहाणपणा झाला? शिट्टीनं फेरी उलटी केली. रिकामी गाडी आधी खाली न्यायची, बाजारापासून सुरुवात करायची, भरत भरत वर यायचं, शेवटी वरच्या गल्ल्या घ्यायच्या की केंद्र समोरच. डिझेल वाचणार, गाडीचे हाल वाचणार. कागदावर तर फेरी अशी देखणी दिसत होती की तिनं लेकीला उठवून दाखवली.

मॅडमनी नकाशा बघितला. “छान आहे. लोकांना विचारलंत?”

“लोकांना?” शिट्टीला हसू आलं. “मॅडम, कोण कोणत्या रंगाची बादली घेऊन येतं, कुणाच्या बादलीत आदल्या दिवशीची भाजी असते, हे मला झोपेत विचारा. त्यांना काय विचारायचंय?”

“तरीही विचारा.”

“बघते,” शिट्टी म्हणाली. आणि नाही विचारलं. तिला वाटलं, विचारायचं ते ज्याला ठाऊक नसतं त्यानं.

साहेबांची परवानगी मिळाली. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, फक्त टेलिफोनला घाबरणारा. लोकांचा तक्रारीचा फोन वाजला की त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. पण डिझेल वाचणार म्हटल्यावर त्यांनी लगेच सही केली.

पहिल्या दिवशी गाडी खाली गेली तर बाजार बंद. दुकानदार अजून घरी, कचरा दुकानांच्या आत, आत म्हणजे कुलपाच्या आत. जेवढा मिळाला तेवढा उचलून गाडी वर आली, आणि वरच्या गल्लीच्या तोंडाशी शिट्टीनं बघितलं तर माणसं बादल्या घेऊन उभी. बादल्या घेऊन म्हणण्यापेक्षा, उगारून.

“ही काय वेळ आहे का?”

“गाडी रोजच्या वेळेला पाहिजे!”

“अहो, पण कचरा तर नेतेय ना मी? तासाभरानं नेला तर तो काय नासणार आहे?” शिट्टी म्हणाली.

“ते काही नाही. रोजच्या वेळेला पाहिजे.”

“पण का?”

“का म्हणजे? पाहिजे!”

दवाखान्यातल्या नर्सबाई एका पायात बूट आणि एक हातात अशा धावत गेल्या आणि जाता जाता तिला काहीतरी बोलून गेल्या, जे इथे लिहिता येणार नाही. शाळेची पोरं घेऊन जाणारी गाडी तीन दारांत हॉर्न वाजवत उभी होती. टाकीजवळचे निवृत्त पोस्टमास्तर दाढीचा फेस अर्ध्या गालावर ठेवून खिडकीतून ओरडत होते. सगळी गल्लीच चिडलेली, आणि नक्की कशानं ते एकालाही सांगता येईना. ड्रायव्हरदादा गाडीतूनच म्हणाला, “ताई, आज यांना झालंय तरी काय? सगळे एकदम डाव्या कुशीवर उठलेत?”

“लोकांना बदल नको असतो रे,” शिट्टी म्हणाली. पुस्तकात असंच होतं.

संध्याकाळी घरी तिसरंच. नवरा, जो वर्षात दोनदा आवाज चढवतो, त्यानं त्यातला एक चढ त्या दिवशी वापरला. “तुझ्या त्या फेरीनं आज माझं दुकान उशिरा उघडलं. गिऱ्हाईक बाहेर उभं, फोनवर फोन. तसाच धावलो, चहासुद्धा न घेता.”

“माझ्या फेरीचा आणि तुमच्या दुकानाचा काय संबंध? घरात घड्याळ आहे ना?”

“आहे,” तो म्हणाला, आणि पानावरून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मोबाईलचा गजर लावला आणि गाडी गल्लीत यायच्या कितीतरी आधी तो दुकानात जाऊन बसायला लागला. घुम्मा, तोंड पाडून. गिऱ्हाईक परत आलं, कपडे वेळेत गेले, तरी ह्याचं तोंड तसंच. शिट्टीला कळेना की एका उशिरावर माणूस इतका कसा रुसतो.

दोन-तीन दिवस गेले आणि साहेबांचा टेलिफोन असा काही वाजायला लागला की त्यांनी जुनी फेरी परत सुरू करायला सांगितली. पण डिझेलचा आकडा मात्र आला होता, आणि आकडा सोन्यासारखा होता. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. “हा आकडा मी वर कळवला आहे. आयुक्त खूश आहेत. अहवालात हाच घाला. लोकांना हळूहळू सवय होईल असं एक वाक्य टाका. तुमची परीक्षा झाली, आमचंही नाव झालं. मुलाखतीत मी असणारच आहे.” पुढचं ते बोलले नाहीत, नुसते हसले, आणि त्या हसण्यात जागा तुमचीच होतं.

शिट्टी तरंगतच बाहेर आली. अहवाल जवळजवळ लिहून झालाच होता. त्यात ‘नागरिकांचा बदलाला असलेला स्वाभाविक विरोध’ असं एक भारदस्त प्रकरणही होतं.

त्या शनिवारी वर्ग भरला आणि मॅडमच आल्या नाहीत. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बऱ्याच वेळानं मॅडम आल्या, धापा टाकत, केस अर्धवट बांधलेले. शांततेत त्यांचाच घाम निघाला. “माफ करा,” त्या म्हणाल्या, “या आठवड्यात माझं काय बिनसलंय कळत नाही. मध्ये सलग काही दिवस रोज उशीर झाला, त्यानं जे गाडं घसरलंय ते अजून रुळावर येत नाही.”

शिट्टीचा हात वर गेला. “मॅडम, तुम्ही राहता कुठं?”

“मी? टाकीच्या मागे. का?”

“टाकीच्या मागे म्हणजे माझ्या वॉर्डात? मग तुम्ही कधी दिसत कशा नाहीत?”

“कचरा सासूबाई टाकतात,” मॅडम म्हणाल्या. वर्ग खिदळला.

“सकाळी तुम्ही घरातून निघता कधी?”

“वेळ झाली की.”

“वेळ झाली हे तुम्हाला कळतं कसं?”

मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग शिट्टीकडे. “अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “घंटा वाजली की मी आंघोळीला जाते.”

शिट्टीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात तिला आपला सगळा मूर्खपणा दिसला. एक पाय बुटात असलेल्या नर्सबाई. अर्ध्या गालावर फेस. अहो, अख्खा चढ तिच्या घंटेवर उठत होता, दाढ्या करत होता, पोरांना शाळेच्या गाडीत कोंबत होता, आणि ते त्या माणसांना स्वतःलाही माहीत नव्हतं! आणि तिला? इतकी वर्षं ती घंटेच्या पुढे चालत आली. घंटा मागे वाजल्यावर दारांआड काय होतं ते तिनं कुठून बघायचं? जे बघितलंच नाही ते मला झोपेत विचारा म्हणून सांगत सुटली होती. तिला स्वतःची अशी लाज वाटली की त्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

पण लाजून घरी बसणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तिनं गाडीपुढे दुसऱ्या माणसाला चालायला लावलं आणि स्वतः वरच्या गल्ल्यांत लोकांच्या पायऱ्यांवर बसून राहिली. आज या पायरीवर, उद्या त्या. घंटा वाजायची आणि ती फक्त बघायची, ऐकायची. नळ सुरू होतात, कुणाचा तरी कुकर चढतो, कुणीतरी कुणाला तरी हाका मारायला लागतं, एक आजोबा बरोब्बर गोळी घेऊन पाण्याचा पेला तोंडाला लावतात. बसली नाही ती फक्त स्वतःच्या पायरीवर. नियम म्हणजे नियम.

मग तिनं नवी फेरी आखली. वरच्या गल्ल्या पहिल्यासारख्याच पहिल्या, त्याच वेळेला. पण त्या झाल्या की गाडी तिथल्या तिथे केंद्रात रिकामी करायची, मग खाली जायचं, तोवर बाजार उघडलेला असतो, आणि फक्त बाजाराचा भार घेऊन वर यायचं. इतकं साधं. आजवर का केलं नव्हतं? तर फेरी पुरी झाल्याशिवाय गाडी रिकामी करायची नाही, अशी पद्धत होती. कुणी पाडली? कुणालाच ठाऊक नाही. ड्रायव्हरदादानं कुरकुर केली, “ताई, केंद्राच्या रांगेत दोनदा उभं राहायचं?” तिनं सांगितलं, “दोनदा उभा राहा, पण चढावर गाडीला ढकलायला एकदाही उतरावं लागणार नाही.” नवी फेरी महिनाभर चालली आणि साहेबांचा टेलिफोन चक्क झोपी गेला.

फक्त आकडा पडला. डिझेल वाचलं, पण पहिल्याच्या निम्मंच.

साहेबांनी अहवाल वाचला आणि त्यांना दाढदुखी झाली. “अहो, पहिला आकडा सोडून हा अर्धवट कशाला घातलात?”

“पहिलाही घातलाय, साहेब. आणि त्या आकड्यासाठी नर्सबाईंचा बूट कसा हातात राहिला तेही घातलंय.”

“स्वतःचा प्रयोग फसला असं स्वतःच लिहिताय! मी वर काय तोंड दाखवू? आणि मुलाखतीत मी तुमच्या बाजूनं काय बोलू?”

खुर्ची इतकी जवळ आली होती की शिट्टीच्या पाठीला तिचं लाकूड लागल्यासारखं वाटत होतं. एक प्रकरण काढून टाकायचं, बस. कुणाला कळणार होतं? पण मग ती खुर्चीत बसून करणार काय होती? माणसं बाहेर बसवून आत आकडे वाचणार? ते तर आधीपासून चालूच होतं, त्याला तिची काय गरज?

“साहेब, अहवाल आहे तसाच जाईल,” ती म्हणाली आणि उठली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, भुवया दाट, पान उलटताना सुस्कारा टाकायची सवय. मॅडम शेजारी बसल्या होत्या.

“तुम्ही बदल करण्याआधी लोकांना विचारलं नाहीत,” परीक्षक म्हणाले. “ही तर पहिल्या वर्षाची चूक झाली.”

“झाली. मॅडमनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तसं लिहिलंय.” मग तिनं जरा श्वास घेतला. “पण सर, विचारलं असतं ना, तरी मला कुणी सांगितलं नसतं. कारण त्यांनाच माहीत नव्हतं. माणसाला जे हाताशी असतं ते तो सांगत नाही, ते काढून घेतल्यावर ओरडतो. म्हणून विचारायचं, आणि विचारून झाल्यावर जाऊन बसायचंही. ते मी नंतर केलं.”

“याला पुरावा?”

“मी,” मॅडम म्हणाल्या, आणि लाल होत आपल्या आंघोळीची हकिगत सांगितली.

परीक्षकांनी पेन बंद केलं, चष्मा काढला. “आमच्या खाली एक गृहस्थ राहतात,” ते म्हणाले. “त्यांची मोटरसायकल पहिल्या चार किकांत सुरू होत नाही. पाचव्या किकेला मी उठतो.” ते थांबले. “गेल्या महिन्यात ते वारले हो. आणि मी आपला डॉक्टरांना विचारतोय, हल्ली झोप का लागून राहते.” त्यांनी अहवाल मिटला आणि सही केली. गुण काय दिले ते सांगत नाही, पण लेकीनं ते दारावर चिकटवले होते.

मुलाखतीला तीच लांबलचक टेबलाची खोली. साहेब मधोमध. त्यांनीच विचारलं, आणि मुद्दाम कोरडेपणानं विचारलं, “पहिला प्रयोग फसला असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. अशा माणसाला आम्ही ही जागा का द्यावी?”

“कारण पुढचा फसला, तर ते तुम्हाला सगळ्यांत आधी माझ्या तोंडून कळेल,” शिट्टी म्हणाली. “टेलिफोनवरून नाही.”

साहेबांनी टेबलाच्या कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे बघितलं. केबिनमधला त्यांचा टेलिफोन कधीचाच गप्प होता. मग साहेब हसले, आणि ते हसले म्हटल्यावर टेबलाशी बसलेले सगळेच हसले.

गळ्यातली शिट्टी तिनं नव्या मुकादम मुलीच्या गळ्यात घातली. आणि नव्या कामाच्या पहिल्या सकाळी, ऑफिस उशिरा उघडतं म्हणून, ती घरी होती. त्या वेळेला घरी! स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून काय करावं तिला सुचेना. नवरा अजून पांघरुणात.

लांबून घंटा ऐकू आली. पांघरूण बाजूला झालं. नवरा उठला, डोळे अर्धे मिटलेले, तिच्याकडे न बघता चहाचं आधण ठेवलं, आणि सरळ खिडकीशी जाऊन उभा राहिला. घंटा जवळ आली, खालून गेली, नव्या मुलीनं शिट्टी वाजवली, गाडी वळणाआड गेली. तो तिथंच उभा.

“अहो, बघताय काय?” तिनं विचारलं.

तो दचकला. तिला विसरलाच होता. “काही नाही. सवय.”

“कसली सवय?”

“तू पुढे चालायचीस. मान ताठ. एखाद्या दिवशी तरी वर बघेल म्हणून मी इथं...” तो ओशाळला. “जाऊ दे ना.”

“रोज?”

“रोज.”

ती स्टुलावरून उठली. “म्हणजे मी फेरी उलटी केली तेव्हा तुम्ही एवढे चिडला होतात ते...”

“गिऱ्हाईक गेलं उडत,” नवरा म्हणाला. “तू दिसली नव्हतीस.”

वरच्या गल्लीतल्या प्रत्येक दारात घंटा वाजल्यावर काय होतं, यावर अख्खं प्रकरण लिहिलेली ती बाई. एक दार सोडून. तिचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात वर न्यायचंही तिला भान राहिलं नाही.

“आता कुणाला बघू?” तो म्हणाला. “त्या नव्या पोरीला?”

“खबरदार!” ती म्हणाली. “थांबा तिथंच. हलू नका.”

तिनं नवी चामड्याची पिशवी खांद्याला लावली, पायात चपला घातल्या आणि जिना उतरून गल्लीत आली. रस्त्याच्या मधोमध, गाडीपुढे ती जिथून चालायची नेमकी तिथं उभी राहिली आणि मान वर केली. खिडकीत तो होता, बनियनवर, हातात रिकामा कप. तिला वाटलं हात हलवावा, पण ते काही तिचं नव्हे. गळ्याशी हात गेला, तिथं काही नव्हतं. मग तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शिट्टी मारली की टाकीवरची कबुतरं उडाली.

धडाधड दारं उघडली. नर्सबाई, पोस्टमास्तर, मॅडमच्या सासूबाई, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे हातात बादल्या घेऊन धावत बाहेर आले.

“आत्ताच तर गेली ना गाडी? परत आली का?”

“नाही, नाही, जा आत सगळे,” शिट्टी म्हणाली, वर बघतच. “हे माझं घरचं होतं.”